बटण बंद, करंट चालू

शब-ए-बरात झाली की अकोल्याला अम्मींच्या घरात रमजानची तयारी सुरू होते. भांडी घासायची, गाद्या उन्हात टाकायच्या, भिंतींना चुना मारायचा. आम्ही अमरावतीला राहतो. बडनेऱ्याहून गाडीत बसलं की मूर्तिजापूरमार्गे दोन तासांत माहेर गाठतं. गेल्या वर्षी गेलो तेव्हा अम्मींनी एकच फर्माइश केली होती. दिवाणखान्यातला बल्ब आता पुरत नाही, तिलावतीला बसलं की अक्षरं पुसट दिसतात, तिथं चांगली एलईडी ट्यूब लावून द्या.

काम ते काय! भाईजानच्या मुलानं, म्हणजे आमच्या भाच्यानं, बाजारातून ट्यूब आणली. बारावीचा मुलगा, उत्साही. भिंतीवरचं काळं गोल बटण बंद केलं, बल्ब विझला. त्यानं लोखंडी स्टूल ओढलं, अनवाणी पायानं वर चढला आणि छताला लावलेल्या लाकडी गोल ब्लॉकवरचा होल्डर उघडू लागला. आम्ही खाली टॉर्च धरून उभे होतो. दोन पेच निघाले, आणि तिसऱ्याला हात घातला तोच "या अल्लाह!" अशी किंकाळी आली. स्टूल कलंडलं. नशीब की शेजारीच तख्त होतं. मुलगा त्यावर पडला. मनगट मुरगळलं, चेहरा पांढराफटक. अम्मी रडत रडत एकच वाक्य म्हणत होत्या, "बटण तर बंद होतं ना! बटण तर बंद होतं!"

बटण खरंच बंद होतं. आम्ही स्वतः पाहिलं होतं. मग करंट आला कुठून? वर्गात आम्ही भाषा शिकवत असलो तरी विज्ञानाचे शिक्षक रजेवर असले की त्यांचा तासही घेतो. उर्दू पुस्तकात त्याला 'बर्की रौ' म्हणतात, मराठी पुस्तकात 'विद्युतधारा', घरात नुसताच 'करंट'. तिन्ही शब्द तोंडपाठ असूनही त्या दिवशी आमच्याकडे उत्तर नव्हतं. ते दुसऱ्या दिवशी आलेल्या वायरमनभाऊंनी दिलं. त्यांच्याकडून जे शिकलो आणि नंतर पडताळून पाहिलं, ते वाचक बंधू-भगिनींसमोर ठेवतो. कारण अमरावतीच्या परकोटातली घरं घ्या की अकोल्याच्या जुन्या शहरातली, आपल्यापैकी किती तरी जणांच्या डोक्यावर अशीच जुनी वायर आहे.

नळ चुकीच्या जागी

घरात विजेच्या दोन मुख्य तारा येतात. एक फेज, म्हणजे जिवंत तार. दुसरी न्यूट्रल, म्हणजे परतीची तार. तिसरी अर्थ, जी जमिनीत जाते. जुन्या घरांत ती बहुतेक नसतेच. बल्ब पेटतो तो फेजमधून आलेला करंट बल्बातून जाऊन न्यूट्रलने परततो म्हणून. यांतली कोणतीही एक तार तोडली तरी बल्ब विझतो. गोम इथंच आहे.

गच्चीवरच्या टाकीतून खाली येणारा पाइप डोळ्यांसमोर आणा. टाकीजवळचा कॉक बंद केला तर पुढचा पाइप रिकामा राहतो. पण कॉक पाइपच्या अगदी शेवटच्या टोकाला असेल तर? पाणी वाहायचं थांबतं, पण पाइप काठोकाठ भरलेलाच राहतो. मध्ये कुठं छिद्र पाडलं की धार अंगावर येणार. बटण फेजवर असावं असा नियम आहे. ते चुकून न्यूट्रलवर बसवलं, तर बटण बंद केल्यावर बल्ब विझतो, पण होल्डरपर्यंत करंट तसाच हजर असतो.

वायरमनभाऊ भाच्याला म्हणाले, "पोरा, तू बटण बंद केलं, पण करंट तर वरच बसून होता. लाइट गेला म्हणजे करंट गेला, असं नाही राहत."

मग आम्हाला एक जुनी गोष्ट आठवली. अम्मींच्या ओसरीतला एलईडी बल्ब दोन वर्षांपासून बंद केल्यावरही रात्रभर काजव्यासारखा मंद उजळत राहायचा. मुलांनी त्याचं नाव 'जिन्नाचा दिवा' ठेवलं होतं. आम्हीही हसून सोडून दिलं. भाऊंनी तो बोर्ड उघडला. तिथंही बटण न्यूट्रलवरच! एलईडीला उजळायला अगदी नगण्य करंट पुरतो. फेज बल्बापर्यंत पोचलेली असली की तारांच्या सान्निध्यानं किंवा भिंतीच्या ओलीनं जो किंचित प्रवाह होतो, तेवढ्यावर तो मिणमिणतो. दर वेळी कारण हेच असेल असं नाही. बटणातला छोटा इंडिकेटर दिवा किंवा शेजारून लांबवर गेलेली दुसरी तार यांमुळेही असं होऊ शकतं. पण जुन्या घरात बंद केलेला बल्ब मिणमिणत असेल तर बोर्ड तपासून घ्यावाच. घर दोन वर्षं आम्हाला सांगत होतं, आम्ही ऐकलं नाही.

हे उलटं झालं कसं? काही वर्षांपूर्वी ओसरी आणि दिवाणखान्याचे बोर्ड एका कारागिरानं बदलले होते. दोन्ही तारा एकाच काळ्या रंगाच्या. हाताला लागली ती त्यानं बटणाला जोडली. बल्ब पेटला, पैसे घेतले, गेला. टेस्टर लावून पाहायला अर्धा मिनिट लागला असता.

अब्बांची पट्टी

त्या घराचं वायरिंग अब्बा मरहूम यांनी सत्तरच्या दशकात करून घेतलं. स्वतः उभं राहून सागवानी पट्ट्या निवडल्या, त्यांवर पत्र्याच्या चिमट्यांत वायर बसवली. ओळ अशी सरळ की आजही पाहत राहावी. त्या काळासाठी ते उत्तम काम होतं. पण कापूस पिकवणाऱ्या या वऱ्हाडात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि छताखालची हवा तर त्याहून तापते. वायरीवरचं रबर किंवा जुनं प्लास्टिक इतक्या वर्षांत वाळून कडक होतं.

सर्वांत वाईट अवस्था होल्डरजवळच्या चार-सहा बोटं वायरीची असते. जुना ६० किंवा १०० वॅटचा बल्ब प्रकाश थोडा आणि उष्णताच जास्त देत असे. वर्षानुवर्षं ती धग वर चढून त्या टोकाची वायर भाजून निघते. खाली बोर्डात पाहावं तर वायर ठीक दिसते; वर होल्डर काढला की आवरण पापडासारखं मोडून हातात येतं. आमच्या दिवाणखान्यात नेमकं हेच झालं होतं. म्हणजे बटण बरोबर बसवलेलं असतं तरी नवी ट्यूब त्या उघड्या तारांवर लावणं धोक्याचंच होतं.

दुसरी अडचण ॲल्युमिनियमची. त्या काळी तांब्याची टंचाई होती, म्हणून देशभर घरांत ॲल्युमिनियमची वायर सर्रास वापरली गेली. ती चंदेरी-पांढरी, मऊ असते. दोन-चार वेळा वाकवली की तुटते. नव्या ट्यूबची वायर तांब्याची असते. तांबं आणि ॲल्युमिनियम नुसते पीळ देऊन टेप गुंडाळली, तर तो जोड काही काळानं सैल पडतो. ॲल्युमिनियम तापल्यावर जास्त फुगतं, आणि हवेनं त्यावर जो थर चढतो त्यातून करंट नीट जात नाही. जोड तापतो, टेप वितळते, आणि खाली लाकडी पट्टी असते. अशा जागी पेचाचा योग्य कनेक्टरच हवा, आणि तोही घट्ट बसवलेला.

तिसरी गोष्ट किटकॅट फ्यूजची. पांढऱ्या चिनी मातीचे हे फ्यूज जुन्या घरांत अनेकदा फेज आणि न्यूट्रल दोन्हींवर बसवलेले असतात. समजा न्यूट्रलचा फ्यूज उडाला. घरात अंधार होतो, सगळ्यांना वाटतं वीज गेली. पण प्रत्येक होल्डरपर्यंत फेज जिवंत असते. आणि फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्यात तांब्याची जाड तार गुंडाळून ठेवणारी घरंही आपल्याला माहीत आहेत. तो फ्यूज मग उडत नाही, वायर जळते.

स्वतः करायचं की नाही?

कायदा काय म्हणतो? वायरिंगचं काम परवानाधारक कंत्राटदार आणि वायरमननंच करावं, असं १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत होतं आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांतही तेच आलं. पण त्यातच एक सवलत आहे. बल्ब, पंखा, फ्यूज, बटण, दिव्याचं फिटिंग जसंच्या तसं बदलायचं असेल, म्हणजे वायरिंगची क्षमता किंवा स्वरूप बदलत नसेल, तर ते या बंधनातून वगळलेलं आहे. थोडक्यात, होल्डरच्या जागी ट्यूब लावणं घरच्या माणसाला मना नाही. नवी वायर ओढणं, नवा पॉइंट काढणं, बोर्ड वाढवणं हे वायरमनचं काम. आणि मीटर, मीटरचं सील, खांबावरून आलेली वायर यांना कोणीच हात लावायचा नाही. ते महावितरणचं क्षेत्र. तक्रारीसाठी १९१२ हा क्रमांक आहे.

मना नाही, याचा अर्थ कसंही करावं असा नाही. आमच्या भाच्यानं जे वगळलं ते क्रमानं सांगतो.

पहिलं, काम दिवसा करावं आणि एकट्यानं करू नये. दुसरा माणूस मेन स्विच कुठं आहे हे जाणणारा हवा. लोखंडी स्टुलाऐवजी लाकडी शिडी किंवा भक्कम लाकडी टेबल घ्यावं. पायात कोरडी, रबरी तळाची चप्पल किंवा बूट असावेत. आमचा भाचा अनवाणी, लोखंडी स्टुलावर, फरशीवर. म्हणजे करंटला जमिनीत जायला मोकळा रस्ता.

दुसरं, बटणावर विसंबू नये. मेन स्विच बंद करावा. किटकॅट असतील तर मेन बंद केल्यावर ते काढून स्वतःच्या खिशात ठेवावेत, म्हणजे "अंधार का झाला?" म्हणून कोणी मागून मेन चालू करणार नाही.

तिसरं, आणि आपल्या भागात हे फार महत्त्वाचं: इन्व्हर्टर. लोडशेडिंगच्या वर्षांत वऱ्हाडात घरोघरी इन्व्हर्टर आले आणि त्यांची वायर जुन्या वायरिंगमध्येच मिसळली गेली. मेन बंद केला की इन्व्हर्टरला वाटतं वीज गेली, आणि तो तत्परतेनं २३० व्होल्ट त्याच तारांत सोडतो. मेनबरोबर इन्व्हर्टरही त्याच्या स्वतःच्या बटणानं बंद केला पाहिजे. तसंच, "लाइट गेलीच आहे, तोवर ट्यूब बदलून टाकू" ही सवय सोडली पाहिजे. गेलेली लाइट कोणत्या क्षणी येईल हे कोण सांगणार?

चौथं, टेस्टर तीन वेळा लावावा. आधी जिथं करंट नक्की आहे अशा जागी लावून टेस्टर चालतो का ते पाहावं. मग मेन आणि इन्व्हर्टर बंद करून छतावरच्या सर्व तारांना एकेक करून लावावा. दोनच्या जागी चार तारा दिसल्या तर चारही तपासाव्यात, कारण जुन्या घरात त्याच ब्लॉकमधून दुसऱ्या खोलीची वायर पुढं गेलेली असू शकते. तारांना हात लावण्याआधी शक्य असेल तर तोच टेस्टर पुन्हा जिवंत जागी, उदाहरणार्थ शेजारच्या घरातल्या सॉकेटवर, पेटतो का ते पाहावं. बिघडलेला टेस्टर कधीच पेटत नाही, आणि न पेटलेल्या टेस्टरवर आपण जीव सोपवलेला असतो. जुन्या घरात रंगावर तर मुळीच भरवसा ठेवू नये. आजच्या पद्धतीत फेज लाल, न्यूट्रल काळी आणि अर्थ हिरवी असते. अब्बांच्या काळात दोन्ही काळ्या.

पाचवं, तारा सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढावा. कोणती तार कुठं होती हे नंतर आठवत नाही.

सहावं, तारांचं आवरण बोटानं हलकेच वाकवून पाहावं. तडे गेले, भुकटी पडली, जळकट वास आला, तांब्यावर हिरवट किंवा ॲल्युमिनियमवर पांढरी बुरशी दिसली, तर तिथंच थांबावं. टेपचे पाच वेढे देऊन नवी ट्यूब लावणं म्हणजे जखमेवर नवा सदरा घालणं. वायरमनला बोलवावं. थांबायचं कुठं हे ज्याला कळलं, त्याला अर्धी कारागिरी आली.

सातवं, वायर चांगली निघाली तर नवं फिटिंग आधी पेचांनी भक्कम बसवावं. त्याचा भार वायरीवर कधीच येऊ नये. कुजलेल्या लाकडी ब्लॉकवर जड झुंबर लावू नये. वायरीचं टोक साधारण एक सेंटिमीटर सोलावं, पेचात पूर्ण आत जावं, बाहेर उघडी तार दिसू नये. हलकेच ओढून पाहावं, निसटत नाही ना. फिटिंगची बॉडी धातूची असेल तर अर्थची तार लागतेच. घरात अर्थ नसेल तर प्लास्टिक बॉडीचं, ज्यावर 'चौकोनात चौकोन' अशी खूण असते, असं दुहेरी आवरणाचं फिटिंग निवडावं.

मग सगळे दूर झाल्यावर मेन चालू करावा. तासाभरानं पाहावं, फडफड, गुणगुण किंवा वास असेल तर बंद करून कारण शोधावं.

फ्यूज वायरीला वाचवतो, माणसाला नाही

भाच्यानं वायरमनभाऊंना विचारलं होतं, "मला झटका बसला तेव्हा फ्यूज का नाही उडाला?" प्रश्न अगदी रास्त होता. त्याचं उत्तर साध्या गणितात आहे. दिव्यांच्या लाइनवर सहसा ५ अँपिअरचा फ्यूज असतो. घामेजल्या किंवा ओल्या अंगाचा रोध सुमारे १००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला अंगातून सुमारे ०.२३ अँपिअर करंट जातो. फ्यूजच्या दृष्टीनं हा करंट किरकोळ. त्याला कळणारही नाही. पण माणसाच्या हृदयाची लय बिघडवायला ०.१ अँपिअरही पुरेसा ठरू शकतो. एमसीबीचंही तेच: तो जास्त भार आणि शॉर्टसर्किटसाठी असतो.

माणसासाठी वेगळं उपकरण लागतं, आरसीसीबी. बाजारात जुनी माणसं त्याला ईएलसीबीही म्हणतात. फेजनं गेलेला करंट न्यूट्रलनं तेवढाच परत येतो का, एवढाच हिशेब ते सतत ठेवतं. थोडा जरी करंट तिसऱ्या वाटेनं, म्हणजे एखाद्याच्या अंगातून जमिनीत, जाऊ लागला की क्षणार्धात वीज तोडतं. घरासाठी ३० मिलिअँपिअरचं घ्यावं. त्यावर 'टी' अक्षराचं बटण असतं; महिन्यातून एकदा ते दाबून पाहावं, आरसीसीबी पडलं म्हणजे शाबूत आहे.

जुन्या घरात आरसीसीबी बसवलं की ते सारखं पडतं, अशी तक्रार ऐकू येते. मग कोणीतरी ते काढून थेट जोडून देतं. वाचकहो, ते पडतं म्हणजे घरात कुठं तरी करंट झिरपतो आहे, किंवा एका लाइनचा न्यूट्रल दुसरीला जोडला गेला आहे. डॉक्टरांनी ताप सांगितला म्हणून थर्मामीटर फोडत नाहीत. वायरमनकडं 'मेगर' नावाचं यंत्र असतं. वायरीचं आवरण किती शाबूत आहे ते त्यावर कळतं. किमान १ मेगओहम तरी यावं. मातीच्या भिंतीच्या, गळक्या घरात पावसाळ्यानंतर हा आकडा हमखास घसरतो. भिंतीला हात लावल्यावर झिणझिण्या येणं म्हणजे तोच आकडा बोटांना कळणं.

आणि अर्थिंग. आपली काळी माती पावसाळ्यात ओल धरते, पण उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अर्थिंगचा खड्डा असेल तर एप्रिल-मेमध्ये त्यात अधूनमधून पाणी घालावं. कूलर लावण्याचे दिवस नेमके तेच. लोखंडी कूलर, पाणी आणि ओले हात एकत्र येतात ते दिवसही तेच.

तरीही कोणाला झटका बसलाच तर

आधी मेन बंद करावा. ते शक्य नसेल तर त्या माणसाला हातानं ओढू नये. कोरडी लाकडी काठी, प्लास्टिकची खुर्ची यांनी त्याला तारेपासून दूर करावं. १०८ वर फोन करावा. श्वास चालत नसेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात आणि भरभर, मिनिटाला १०० ते १२० वेळा, दाबत राहावं. मदत येईपर्यंत थांबू नये. अंगाला माती चोळणं, मातीत पुरणं यात मोलाची मिनिटं जातात. आणि माणूस उठून बसला, बोलू लागला, तरी दवाखान्यात नेऊन हृदयाचा आलेख काढून घ्यावा. भाच्याला आम्ही त्याच संध्याकाळी नेलं. अल्लाहचे शुक्र, आलेख ठीक निघाला. विजेच्या धक्क्यानं आपल्या देशात दरवर्षी १०,००० हून अधिक माणसं जातात, असं राष्ट्रीय गुन्हे नोंदणी ब्युरोचे अहवाल सांगतात. त्या आकड्याच्या किती जवळून आमचं घर गेलं, हे त्या रात्री कोणाला झोप न लागल्यानं कळलं.

घर कोणाचं, खर्च कोणाचा?

वायरमनभाऊंनी दोन्ही बटणं फेजवर घेतली, दिवाणखान्यापुरती नवी वायर ओढली आणि ट्यूब लावली. जाताना म्हणाले, "बाकीचं घरही असंच हाय. आज नाही तर उद्या करावंच लागन."

इथं खरी अडचण सुरू झाली. भाईजान गप्प. एक तर अब्बांनी हातानं निवडलेल्या पट्ट्या उखडायच्या, ही कल्पनाच त्यांना सोसवेना. दुसरं, घराच्या अजून वाटण्या झालेल्या नाहीत. उद्या कोणता भाग कोणाला येईल ते ठाऊक नसताना एकट्यानं खर्च का करावा? भाईजानना आम्ही दोष देत नाही. आपल्या किती तरी मोहल्ल्यांत मोठमोठी वडिलोपार्जित घरं याच कारणानं तशीच उभी आहेत. दहा वारस, आणि फ्यूजची तार बदलायला एकही नाही.

आम्ही म्हटलं, "भाईजान, शरीयतनं या घरात आमचाही हिस्सा ठेवला आहे. भावाच्या निम्मा का होईना, आहे. हिस्सा घेताना बहिणीची आठवण करायची, तर वायर बदलतानाही करा. आमच्या हिश्श्याचे पैसे आम्ही देतो." भाईजान बराच वेळ छताकडं पाहत बसले. मग म्हणाले, "अब्बा असते तर त्यांनीच आधी बदललं असतं. त्यांना वाकडी पट्टी चालायची नाही, तर सडकी कशी चालली असती?"

सगळं एकदम करणं आम्हाला परवडणारं नव्हतं. मग भाऊंच्या सल्ल्यानं क्रम ठरवला. पहिल्यांदा आरसीसीबी आणि अर्थिंग, कारण त्यानं साऱ्या घराला आधार मिळतो. दुसऱ्यांदा जिथं पाणी आहे त्या जागा: स्वयंपाकघर, न्हाणीघर, वजूची जागा, कूलरचा सॉकेट. तिसऱ्यांदा झोपण्याच्या खोल्या. शेवटी ओसरी आणि अंगण. पहिले दोन टप्पे झाले आहेत. आरसीसीबी पहिल्या आठवड्यात चार वेळा पडलं. कोठीच्या खोलीत उंदरानं कुरतडलेली वायर सापडली, ती बदलल्यावर शांत झालं.

उंदरावरून आठवलं. झोपण्याआधी दिवे विझवा, नाही तर उंदीर वात ओढून घर पेटवील, अशी ताकीद प्रेषितांनी (स.) दिल्याचं हदीसमध्ये आलं आहे. तेलाची वात गेली, तार आली. उंदीर तोच आहे. लहानपणी अब्बा रात्री सगळ्या खोल्या फिरून एकेक बटण बंद करायचे, तेव्हा आम्हाला वाटायचं ते वीजबिलासाठी करतात.

झोपण्याच्या खोल्या अजून व्हायच्या आहेत. पैसे साठवतो आहोत. इन्शाअल्लाह येत्या दिवाळीच्या सुट्टीत ते काम काढायचं ठरलं आहे. तोवर त्या खोल्यांत इस्त्री आणि हीटर लावायचा नाही, असं अम्मींनी बजावून ठेवलं आहे. अब्बांच्या पट्टीचा एक हातभर तुकडा भाईजाननी जपून ठेवला आहे, चिमट्यांसकट. आणि भाचा आता कोणाकडंही ट्यूब बदलायला गेला की पहिला प्रश्न विचारतो, "मेन कुठं आहे? इन्व्हर्टर कुठं आहे?"

वाचक बंधू-भगिनींनो, हा अंक खाली ठेवल्यावर तेवढं तुमच्याही घरात पाहून घ्या. मेन स्विच कुठं आहे हे घरातल्या प्रत्येकाला, मुलांना आणि म्हाताऱ्यांनाही, ठाऊक आहे का? बंद केल्यावरही मिणमिणणारा एखादा 'जिन्नाचा दिवा' तुमच्या ओसरीत नाही ना?